राजीखुशीचं साम्राज्य

पोफळदांडीनं महासंघाला जो होकार दिला, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. यंत्रानंच तसं नोंदवलंय: शर्वाणी खवणेकर, वय चौतीस, होकाराची खात्री नव्व्याण्णव टक्के. ते यंत्र तिथं मांडलंही मीच होतं. आणि त्या होकारानं माझं गाव हातचं जाणार, हे मला दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, कचेरीत चहा पिता पिता कळलं.

आधी महासंघाबद्दल सांगते. सप्तसागर महासंघ सुरू झाला तेव्हा तो साधा भिंती बांधण्याचा धंदा होता. समुद्र वर चढायला लागला, किनाऱ्यावरच्या सरकारांनी हात वर केले, तेव्हा ह्या लोकांनी सागरभिंती बांधून दिल्या. भिंतीमागोमाग गोडं पाणी आलं, वीज आली, मग दवाखाने, मग कायदा. आज एकशे त्रेचाळीस बंदरं त्यांची आहेत. त्यांची राजधानी, जलनगरी, समुद्रात तरंगते आणि कुठल्याच देशाच्या हद्दीत येत नाही. एवढा मोठा पसारा, पण पलटण म्हणून नाही. आधीच्या साम्राज्यांनी तलवारीनं मुलूख घेतले, हे साम्राज्य होकारावर वाढतं. गाव राजीखुशीनं सामील होतं, जमीन, खाडी आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, महासंघाच्या नावे जाते, माणसं घाटमाथ्यावरच्या मनोऱ्यांत राहायला जातात आणि किनाऱ्यावर भिंत चढते. ती राजीखुशी खरी आहे की नाही हे तपासणारी माणसं म्हणजे आम्ही, संमती-निरीक्षक.

तपासायचं कसं, हे एका वाचादोषतज्ज्ञ बाईंना अपघातानं सापडलं. तोतरं बोलणाऱ्या मुलांचे आवाज त्या मोजत होत्या. मेंदूतून निघणारा दहावा मज्जातंतू हृदय, श्वास आणि घसा ह्या तिघांनाही सांभाळतो. माणूस मनापासून 'हो' म्हणतो तेव्हा शब्द बाहेर पडायच्या आधी, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, हा तंतू सैलावतो. श्वास लांबतो आणि स्वरतंतूंची बारीक थरथर कमी होते. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. भीती असेल, लालूच असेल, नुसती भीड असेल, तरी तो तंतू सैल होत नाही. कसलेल्या नटालाही ते सोंग साधत नाही. ह्याला नाव पडलं होकारछाप.

सही खोटी करता येते, बेशुद्ध माणसाचा अंगठा उठवता येतो. होकारछाप कोणाकडून जबरदस्तीनं घेता येत नाही. दहा वर्षांत सगळ्या न्यायालयांनी ती मानली. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ऐन मांडवात मोडलं, कारण तिच्या होकाराचा आकडा वीसवर अडकला आणि भटजींनी अक्षता खाली ठेवल्या. आज ती सुखात आहे. तो दिवस पाहूनच मी ह्या कामात आले, आणि मला त्याचा अभिमान होता. एक गोष्ट मात्र यंत्राला कळत नाही. होकार खरा आहे का, हे त्याला कळतं. कशाला दिलाय, हे कळत नाही. ते कागदावर असतं, आणि कागद आम्ही लिहितो.

आता त्या जत्रेकडे येते.

आमचे निवासी अधिकारी इंद्रनील सबनीस ह्यांना पोफळदांडीची जत्रा पाहायची होती. निवासी अधिकारी म्हणजे महासंघाचं त्या मुलखातलं तोंड, त्याचा शब्द तो महासंघाचा शब्द. सबनीस दिसायला अगदी साधे, बोलायला गोड, इतिहासाचे वाचक. पत्रावळीवरचं जेवण बोटांना न चिकटवता जेवणारे. ते म्हणाले, "शर्वाणी, येताना यंत्र घेऊन या. उघड्यावर, गर्दीत ते कसं चालतं हे बघायचंय. मापन जुळवून घेऊ." मी बरं म्हणाले. माझा साहेब माझ्या गावच्या देवळात येणार, म्हणून मी नवं लुगडंच नेसले होते.

पोफळदांडीचे मानकरी म्हणजे माझे चुलते, दाजीकाका. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं मांडलेली विनंती. मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ देतो. आमच्या गावचा दंडक असा, की कोणाचंही गाऱ्हाणं नाकारायचं नाही. बाबल आणि सदा हे सख्खे भाऊ एका माडाच्या बागेसाठी वीस वर्षं कोर्टात भांडतायत. दोघंही दरवर्षी एकाच सकाळी येतात. दाजीकाका आधी बाबलला यश मागतात, मग सदाला, आणि गाव दोघांनाही तितक्याच जोरात साथ देतो. ती साथ मागण्याला नसते. ह्या माणसाचं आम्ही ऐकलं, देवा, आता तू ऐक, एवढंच त्यात असतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून कोणी कधी लिहून ठेवलं नाही.

सबनीस पुढे झाले, नारळ ठेवला आणि म्हणाले, "माझंही एक गाऱ्हाणं आहे." चिठ्ठीवर ते लिहूनच आणलं होतं. दाजीकाकांनी चिठ्ठी वाचली, एकदा साहेबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो परगावचो पावणो आज तुझ्या पायाकडे इलो आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो गाव, ही खाडी, ही पुळण महासंघाच्या पदरात पडांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गावान ती आपल्या राजीखुशीन देवंदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला हसू येत होतं. देवाकडे कोणी मूल मागतं, कोणी नोकरी, ह्या साहेबानं आख्खं गावच मागितलं. आजूबाजूच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि साथ देत होत्या. मीही दिली, घसा फाडून दिली. किती वर्षांनी त्या गर्दीत उभी होते, आणि आपल्या माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की जे वाटतं ते मला वाटत होतं.

सोमवारी सबनीसांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पोफळदांडी, प्रौढ माणसं दोनशे चौदा. अट त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच मानकऱ्यानं, मोठ्यानं वाचून दाखवलेली. सरासरी खात्री अठ्ठ्याण्णव. खाली निरीक्षकासाठी जागा रिकामी होती.

"हा होकार नाही," मी म्हटलं. "हे गाऱ्हाणं आहे."

"नियमात काय लिहिलंय? अट लोकांच्या बोलीत वाचावी. होकार यंत्रासमोर घ्यावा. कुठं घ्यावा, हे लिहिलंय का?"

"साहेब, ते कोणालाही असंच म्हणतात."

"मग मनापासून म्हणतात, असं म्हणा. आकडा बघा. कुठल्या ग्रामसभेत अठ्ठ्याण्णव आलेत आजवर? आणि ही माहिती मला कोणी दिली? तुम्हीच ना?"

त्यांनी माझा जुना टाचणलेख काढला. सहा वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, मी हौसेनं लिहिला होता. 'गाऱ्हाण्यातील सामूहिक होकाराची खात्री मी मोजलेल्या कोणत्याही सभेपेक्षा जास्त भरते.' जलनगरीतल्या लोकांना माझ्या गावाचं कौतुक वाटावं म्हणून लिहिलं होतं. कौतुक झालं. पण गाव साथ कशाला देतो हे त्यात लिहायचं मी विसरले, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

"शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र द्या," सबनीस म्हणाले. "तुम्ही नाही दिलंत तर दुसरा निरीक्षक देईल. त्याला तर तुमची बोलीही येत नाही, त्याला हा कागद स्वच्छच दिसेल. आणि शर्वाणी, मनाला लावून घेऊ नका. ते गाव पंधरा वर्षांत पाण्याखाली जाणारच आहे. मी त्यांना वाचवतोय."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. समुद्र चढतोय हे गावालाही दिसतं. त्यावर गावात तीन वर्षं वाद चाललाय: भिंत आपणच दगडाची घालावी, की खारफुटी वाढवावी, की वरच्या वाडीत सरकावं. तो वाद संपला नव्हता. सबनीसांना तो संपेपर्यंत थांबायचं नव्हतं.

मी त्याच दुपारी गावी गेले. सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत होतं. दाजीकाका ओटीवर सुंभ वळत बसले होते. मी सगळं सांगितलं, यंत्राचं, चिठ्ठीचं, माझ्या टाचणलेखाचंही. काकीनं आतून ऐकलं. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं, सोलकढी वाढली आणि एक शब्द बोलली नाही.

"खरा सांग, शरू," दाजीकाका म्हणाले. "गाव गेलो काय रवलो?"

"शुक्रवारी जाईल."

तासाभरात ओटी भरली. बाबल आला तसा सदाही आला, वीस वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूनं बोलत होते. बाबल माझ्याकडे बोट करून म्हणाला, "कुऱ्हाडीचो दांडो गोताक काळ, तसा झाला ह्या." सदाचं म्हणणं, दाजीकाकांनी ती चिठ्ठी वाचायलाच नको होती, आणि यापुढे परक्या माणसाचं गाऱ्हाणं बंद करा. बरेच जण माना डोलवत होते.

दाजीकाकांनी सुंभ बाजूला ठेवला. "कोणाचा गाऱ्हाणा घालूचा आणि कोणाचा नाय, ह्या मी ठरवूक लागलंय तर देव कशाक होयो? माका भायर काढा होया तर. दुसरो मानकरी बगा. पण दारात इलेल्या माणसाक माघारी मी धाडूचंय नाय."

"आणि त्येनी गाव गिळल्यान तर?" सदानं विचारलं.

"त्येनी गिळल्यान ता लबाडीन. आमच्या रीतीन नाय."

त्या बोलण्यानं माझ्या मनात काहीतरी जागेवर आलं. रीत चुकीची नव्हती, ती वापरणारा चुकीचा होता. मग रीत पूर्ण बघायला हवी. सबनीसांच्या कागदावर गाऱ्हाण्याची फक्त चार वाक्यं होती. गाऱ्हाणं चार वाक्यांवर कधीच संपत नाही.

ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. सगळे उठून गेल्यावर मी आणि दाजीकाका दोघंच ते पहिल्यापासून ऐकत बसलो. सबनीसांची चार वाक्यं झाली, साथ झाली. मग दाजीकाकांचा आवाज जरा उतरला, प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी उतरतो तसा.

"आणि ज्येचा त्येका गावांदे, म्हाराजा. जाग्याची वस्त जाग्यार रवांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी यंत्राची यादी उघडली. ते गर्दीतला प्रत्येक आवाज सुटा करतं. ह्या वाक्याला साथ देणारे आवाज दोनशे पंधरा. एक जास्तीचा. नाव शोधायची गरज नव्हती, यंत्रानं आपणहून लिहिलं होतं: इंद्रनील सबनीस, निवासी अधिकारी, खात्री शहाण्णव.

"ह्यो पण वरडलो?" दाजीकाकांनी विचारलं.

"वरडलो," मी म्हटलं. "मनापासून."

मला आश्चर्य वाटलं नाही. गर्दीत श्वास एकमेकांना धरून चालायला लागतात, आणि श्वास जुळला की तो तंतू सैल होतो. साहेब असो की गडी, घसा सगळ्यांचा सारखाच. सबनीस देवळात आले होते गाव घ्यायला, आणि पाचेक मिनिटं गावातलेच होऊन बसले.

नियम चौथा मला तोंडपाठ होता: निवासी अधिकाऱ्याचा होकार हा महासंघाचा होकार समजावा. मी बुधवारी दोन प्रमाणपत्रं तयार केली. एकात पोफळदांडीनं गाव महासंघाला दिलं. दुसऱ्यात महासंघानं, त्याच यंत्रासमोर, त्याच सकाळी मान्य केलं की ज्याचं त्याला मिळावं आणि जागेची वस्तू जागेवर राहावी. दोन्ही सबनीसांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी दुसरं दोनदा वाचलं. "हे वाक्य मला तेव्हा कळलंच नव्हतं."

"नंतर गावकरी 'कळलंच नव्हतं' म्हणाले की आपण काय उत्तर देतो, साहेब? 'ऐकलं, आणि होकार दिला.' आपल्या छापील उत्तरांतलं तीनशे दोन क्रमांकाचं."

ते हसले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले. "निरीक्षक होताना तुम्ही यंत्रासमोर घेतलेल्या शपथेचा आकडा ठाऊक आहे मला. 'मी प्रथम आणि अखेर महासंघाची.' त्रेसष्ट. साठला पास. तेव्हाच मी शंका घ्यायला हवी होती. आणि तुमच्या गावाचा व्यवहार झाला तेव्हा तुमचा आकडा नव्व्याण्णव. गाव द्यायला सगळ्यात जास्त तयार तुम्हीच होतात, शर्वाणी. हे मी महासंघाच्या न्यायपीठापुढे म्हटलं तर?"

ते लागलं. लागावं म्हणूनच ते म्हणाले होते. "म्हणा," मी म्हटलं. "खरंच आहे ते. मी का तयार दिसले, हेच मला तिथं सांगायचंय."

मग त्यांचा सूर बदलला. माणूस हुशार, हरलेली बाजू लांबवत नाही. "असं करू. दोन्ही नोंदी रद्द. कारण, यंत्रातला बिघाड. पोफळदांडी सुटली. तुमचं पद, जलनगरीतलं घर, सगळं जागच्या जागी. कोणाला काही कळायची गरज नाही."

मी जवळजवळ हो म्हणाले होते, हे लपवत नाही. मला हवं ते मिळत होतं. काकी पुन्हा बोलायला लागली असती. मी जायला वळले तेव्हा सबनीस मोकळे होऊन म्हणाले, "चांगली निरीक्षक आहात हो तुम्ही. तुम्ही प्रमाणित केलेली अकरा गावं, एकावरही कोणाची हरकत आलेली नाही."

मी माझ्या खोलीत आले आणि ती अकरा गावं काढून बसले.

पहिलं उंडणपाडा, उत्तरेकडचं, कोळ्यांचं. होकाराची खात्री ब्याण्णव. माझ्या हातची टीप: पार्श्वआवाज किरकोळ. मी तो आवाज वाढवून ऐकला. बायका गात होत्या, एकीनं गाण्यातून विचारायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, अशी काहीतरी चाल. मधे कोणीतरी खळखळून हसलं. अट वाचणारा माणूस गावचाच होता, पण तो गाण्याच्या चालीवर वाचत होता. सगळ्यांनी तोंडभरून होकार दिला होता. दुसऱ्या गावाच्या मुद्रणात टाळ होते. तिसऱ्यात पंगतीचा गलबला. सबनीसांनी माझा टाचणलेख पोफळदांडीसाठी जपून ठेवला नव्हता, ते इतकी वर्षं त्याच्यावरच जगत होते. आणि किरकोळ, किरकोळ, किरकोळ असं मी अकरा वेळा लिहिलं होतं. माझ्या गावचं गाणं मला कळतं म्हणून ते गाणं, दुसऱ्याचं तो पार्श्वआवाज.

लाज वाटली. पोफळदांडी बिघाडाच्या नावाखाली सुटली तर ह्या अकरांना विचारायलाही कोणी येणार नव्हतं. शुक्रवारी मी दोन्ही प्रमाणपत्रं, पूर्ण मुद्रण आणि माझ्या अकरा कागदांवरची माझीच हरकत थेट न्यायपीठाकडे पाठवली. सबनीसांना त्याची प्रत दिली. त्यांनी ती घेतली आणि एवढंच म्हणाले, "महासंघाचं नागरिकत्व जाईल तुमचं."

"माहीत आहे."

"मग राहणार कुठं, आणि कोणाची म्हणून?"

मी प्रतीवर त्यांची पोच घेतली आणि निघाले.

सुनावणी जलनगरीत झाली. दाजीकाका आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब बोटीनं आले. कोट घातला होता, टोपी हातात धरली होती. तीन न्यायाधीशांतल्या मधल्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्ही प्रत्येक गोष्टीला होकार देता. मग तुमचा खरा होकार आम्ही ओळखायचा कसा?"

दाजीकाकांनी थोडा विचार केला. "इचारा. देवळात नको. आमच्या घराकडे येवा, बसा, आणि इचारा. मगे बगा, नाय म्हणूक आमका किती येळ लागता ता."

दुभाष्यानं ते सांगितलं, आणि मधल्या बाईंनी बराच वेळ खाली बघून काहीतरी लिहिलं.

निकाल लागला. पोफळदांडीचा होकार रद्द. प्रार्थनेतला, गाण्यातला, सणातला होकार यापुढे ग्राह्य नाही. बाकी अकरा गावांबद्दल एक ओळ: त्या गावच्या लोकांनी स्वतः हरकत घेतल्यास विचार होईल, मुदत साठ दिवस. माझं पद आणि नागरिकत्व दोन्ही गेलं. सबनीसांची बदली झाली, बढतीवर, कुठल्याशा बेटांच्या मुलखात. तिथंही लोक गात असतील, आणि ह्या निकालाचं भाषांतर तिथं कधी पोचेल ते देव जाणे.

बोटीवरून उतरल्यावर दाजीकाका म्हणाले, "चल घराकडे. काकीन रांधल्यान आसतला. बोलतली ती आता."

"येईन. आधी अकरा गावं."

"साठ दिसांत?"

"साठ दिवसांत."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, सुंभाचं एक बंडल पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं, सामान बांधायला उपयोगी पडेल म्हणाले, आणि एस.टी.च्या रांगेत जाऊन उभे राहिले.

उंडणपाड्याची माणसं आता उंडणपाड्यात नाहीत. त्यांना घाटमाथ्यावरच्या सहाव्या मनोऱ्यात ठेवलंय. सतराव्या मजल्यावर उद्वाहनातून उतरले तोच सुक्या मासळीचा वास आला. सामाईक गॅलरीच्या कठड्यावर, जिथं काहीही वाळत घालायची मनाई आहे अशी पाटी आहे, त्या पाटीवरच कोणीतरी बोंबील लटकवले होते. दारात एक म्हातारी जाळं विणत बसली होती. इथून समुद्र दिसतही नाही, जाळं कशासाठी ते तिलाच ठाऊक. नाव दारावर होतं: जनाबाय तांडेल. माझ्या कागदावर पहिला होकार ह्याच नावाचा होता, खात्री सत्त्याण्णव.

"कोन गो तू?" तिनं विचारलं. "कोनाची पोर?"

वाटेत ह्या प्रश्नाची मी बरीच उत्तरं तयार केली होती. पोफळदांडीच्या खवणेकरांची. निरीक्षक होते, आता नाही. सगळी खरीच होती, पण तिला त्यांचा उपयोग नव्हता.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही गात होतात," मी म्हटलं. "तुमच्या त्या गाण्यातला होकार लिहून नेणारी मी. तुम्ही कशाला हो म्हणालात ते मी विचारलं नाही. ते आता विचारायला आलेय. आणि तुम्हाला गाव परत मागता येतं, त्याला अजून अठ्ठावन्न दिवस आहेत, हे सांगायलाही."

तिचे हात थांबले. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग आत बघून हाक मारली. आतून दोन बायका आल्या, शेजारच्या दारातून आणखी तिघी. शेजारणीनं सवयीनं पाट पुढे सरकवला, तो जनाबायनं पायानं मागे ओढला.

"बोल," ती म्हणाली. "पन उभ्यानंच बोल."

मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.